व्हर्नाचं आडनाव

आल्डोना पेट्राउस्कसचं अक्षर लहानपणापासूनच छापल्यासारखं होतं. मॅस्पेथच्या लिथुआनियन वस्तीत तिच्या वडिलांचं खाटकाचं दुकान होतं. 'आज ताजे सॉसेज', 'सणानिमित्त दुकान बंद' अशा पाट्या ती नऊ वर्षांची असल्यापासून लिहायची. गिऱ्हाईक आत यायचं आणि आधी विचारायचं, "पाटी कुणी लिहिली?" सॉसेजचं कौतुक नंतर. वडिलांना याचा अभिमान होता, आणि थोडं लागायचंही.

त्या अक्षरानेच तिला एकोणिसाव्या वर्षी, १९५१ साली, नदीपलीकडे मॅनहॅटनला नेलं. कॉमिक्स काढणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. काम एकच. चित्रकाराची पेन्सिलीने काढलेली पानं यायची, लेखकाने टाइप केलेले संवाद यायचे. ते संवाद टाकाने, काळ्या शाईने पानावर उतरवायचे आणि भोवती फुगे काढायचे. ओरडणाऱ्याचा फुगा काटेरी, कुजबुजणाऱ्याचा तुटक रेषेचा, मनातल्या मनात बोलणाऱ्याचा ढगासारखा. दिवसाला आठ पानं. खाडाखोड चालायची नाही.

तिच्याकडे पहिल्या आठवड्यापासून 'कॅप्टन बीकन' आलं. कॅप्टनच्या तळहातांतून दीपगृहासारखा झोत निघायचा आणि त्या झोतापुढे बोटी, टोळ्या, पाणबुड्या, काहीही टिकायचं नाही. एरवी तो बंदरकचेरीतला वॉल्टर नावाचा कारकून. त्याच्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट व्हर्ना. ही व्हर्ना कॅप्टनवर जीव ओवाळून टाकायची आणि वॉल्टरला भित्रा म्हणून टोमणे मारायची. दोघे एकच आहेत हे सहा वर्षांच्या पोराला कळत होतं. तिला कळत नव्हतं. कारण काय, तर वॉल्टर टोपी घालायचा.

व्हर्नाच्या नशिबी महिन्यातून एक संकट ठरलेलं होतं. कधी तिला क्रेनला टांगलेलं असायचं, कधी जहाजाच्या तळघरात कोंडलेलं. मग "वाचवा!", मग "कॅप्टन, तू आलास!", आणि शेवटच्या चौकटीत "वॉल्टर कुठे गेला? नेहमीसारखा पळाला वाटतं!" यावर वॉल्टर वाचकांकडे बघून डोळा मारणार. आल्डोनाच्या हाताला हे इतकं पाठ झालं होतं की टाइप केलेला कागद न बघताही तिने पान पुरं केलं असतं.

सहा वर्षं तिने मुकाट्याने केलं. सातव्या वर्षी एक पान आलं, त्यात व्हर्नाला गोदामात कोंडलेलं होतं. ती हात जोडून रडत होती, "इथून सुटायचा मार्गच नाही!" आणि तिच्या पाठीमागे एक खिडकी सताड उघडी होती.

चित्रं काढणारा एत्तोरे बास्सो ब्रुकलिनहून दर गुरुवारी पानं घेऊन यायचा. टक्कल पडलेला, अबोल, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेला माणूस. आल्डोनाने त्याला टेबलाशी बोलावलं.

"मिस्टर बास्सो, खिडकी उघडी आहे."

"हो. भिंत फारच मोकळी दिसत होती."

"मग ही बाहेर का नाही जात?"

एत्तोरेने पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गेली तर कॅप्टनने यायचं कशाला?"

"म्हणजे कॅप्टनला काम मिळावं म्हणून हिने ठार मूर्ख व्हायचं?"

"अहो, मी खिडकी पुसतो हवं तर."

"नका पुसू," आल्डोना म्हणाली. तिने टाक उचलला आणि फुग्यात लिहिलं: 'खिडकी आहे, पण खाली सात मजले! दोर मिळाला तर...' अक्षरं मोजून तितकीच बसवली.  शाई भरायला पान परत नेताना एत्तोरेने कोपऱ्यात, खोक्यांच्या मागे, दोराचं एक भेंडोळं काढून ठेवलं.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. संपादक हर्शेल झुकर पानं शेवटी बघायचे खरे, पण त्यांचं सारं लक्ष ठोसे नीट बसलेत की नाही इकडे. मग आल्डोनाने स्वतःशी एक नियम केला. गोष्ट बदलायची नाही. कॅप्टनचं एक अक्षर बदलायचं नाही. फक्त व्हर्नाला मूर्ख ठरू द्यायचं नाही. "मला काहीच समजत नाही!" असं कागदावर असलं की ती लिहायची, "मला एक गोष्ट समजत नाही." एवढ्या 'एक गोष्टी'ने बाई कुठल्या कुठे जायची. "तुझ्याशिवाय मी काय करू?" याचं "आता दुसरी मोटार कोण थांबवतंय, तू की मी?" व्हायचं. प्रेमाच्या चौकटी राहायच्या, पण लोंबकळणं कमी झालं.

दोन-अडीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. फोडलं ते टोलेडोच्या एका टेलिफोन ऑपरेटर बाईने. ओपल क्रंप तिचं नाव. तिने संपादकांना लिहिलं, "माझ्या मुलांसाठी घेते म्हणून सांगते, पण आधी मीच वाचते. तुमच्या व्हर्नाला अलीकडे बरीच अक्कल आली आहे. हे असंच चालू ठेवा."

हर्शेलनी पत्र दोनदा वाचलं, जुन्या अंकांच्या मूळ संहिता काढल्या आणि आल्डोनाला आत बोलावलं. सिगार विझलेला होता. ही वाईट खूण.

"ए पोरी, तुला इथं अक्षरं काढायला ठेवलंय. अक्कल काढायला नाही."

"हो, मिस्टर झुकर."

"किती वर्षं चाललंय हे?"

"गोदामापासून."

"कुठलं गोदाम? दर महिन्याला गोदाम असतं!"

"उघड्या खिडकीचं."

हर्शेलनी विझलेला सिगार राखदाणीत ठेवला. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेला माणूस. ओरडायचे फार, पण एवढ्यात कुणाला काढून टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "लेखकाला कळलं तर माझ्या डोक्यावर बसेल," ते म्हणाले. "यापुढे मला दाखवून करायचं. आणि कॅप्टनला हात लावायचा नाही."

"कॅप्टनला कशाला लावू? त्याला बोलण्यासारखं असतं काय?"

यावर ते हसले, आणि हसल्यामुळेच चिडून म्हणाले, "जा, काम कर."

आल्डोना आणि एत्तोरे गुरुवारी बरोबर जेवू लागले ते याच सुमाराला. ती घरून बटाटा किसून भाजलेला कुगेलिस आणायची, तो मिरची आणि अंड्याचं सँडविच. अर्धं अर्धं करायचे. बोलणं बहुतेक व्हर्नाबद्दलच व्हायचं. हिला बूट सपाट हवेत, असल्या टाचांनी गच्चीवर कोण पळतं. हिच्या टेबलावर एखादी कुंडी हवी. एत्तोरे ऐकून घ्यायचा, आणि पुढच्या महिन्यात बूट सपाट यायचे. आल्डोनाची थोरली बहीण ब्रोने एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं त्या कागदाच्या बाईला वाढवताय. स्वतःचं काही बघणार की नाही?"

"आम्ही फक्त जेवतो गं."

"तीन वर्षं? माझं लग्न तीन आठवड्यांत ठरलं होतं."

१९६३ च्या मार्चमध्ये एक पान आलं, गच्चीवर कॅप्टन आणि व्हर्ना. खाली समासात निळ्या पेन्सिलीने एक छोटं चित्र होतं. छपाईच्या कॅमेऱ्याला निळा रंग दिसत नाही, म्हणून चित्रकार आपले निरोप निळ्यातच लिहायचे. टक्कल पडलेला एक माणूस, समोर चष्मा लावलेली ठेंगणी बाई. माणसाच्या तोंडून फुगा निघालेला, पण रिकामा. खाली लिहिलं होतं, 'मला नीट लिहिता येत नाही. बाकीच्यांचं दुरुस्त करतेस, हे पण कर.'

आल्डोनाने आधी पानावरचे बाकीचे सगळे फुगे पुरे केले. कॅप्टन काय म्हणत होता ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. मग निळी पेन्सिल घेऊन त्या रिकाम्या फुग्यात लिहिलं, 'माझ्याशी लग्न करशील?' आणि त्या ठेंगण्या बाईच्या तोंडाशी स्वतः एक फुगा काढला: 'करीन. नोकरी सोडणार नाही.'

दुसऱ्या दिवशी एत्तोरे पानं न्यायला आला. समास बघितला, खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं आणि म्हणाला, "सोड असं मी कुठं म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. पण इथं लग्न झालं की बाई गोष्टीतून जाते. मी बघितलंय."

ते खरंच होतं. कॅप्टनने व्हर्नाशी लग्न करावं असं लेखकाला दोनदा वाटलं होतं. दोन्ही वेळा हर्शेल म्हणाले, लग्न लावलं की वाचक पळतो. म्हणून एकदा ते स्वप्न निघालं आणि एकदा वधू म्हणजे एक यंत्र निघालं. आल्डोनाने आपली बातमी सांगितली तेव्हा हर्शेलनी खुर्चीतून उठून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "चला, या इमारतीत एकाचं तरी लागू दे. त्या दोघांचं मात्र मी मरेपर्यंत होऊ देणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. १९७२ मध्ये ते गेले, तेव्हा व्हर्ना अजून कुमारिकाच होती.

त्यांच्या जागी ड्वाइट फॅरेल आला. सव्वीस वर्षांचा, कानापर्यंत कल्ले, लेखनही तोच करणार आणि संपादनही. माणूस मनाचा वाईट नव्हता. आल्डोनाला तो 'मिसेस बास्सो' म्हणायचा आणि तिच्या टेबलाशी येऊन उभ्यानेच बोलायचा. त्याला कॉमिक्स मोठ्या माणसांसाठी करायची होती. पोरकटपणा पुरे झाला म्हणायचा. दुःख हवं, परिणाम हवा.

पुढच्या वसंतात एत्तोरे घरी आला तो कोट न काढता स्वयंपाकघरात बसला.

"व्हर्नाला मारतोय," तो म्हणाला.

"कोण?"

"ड्वाइट. दीपगृहावरून पडते. कॅप्टन पोचेपर्यंत उशीर होतो."

आल्डोना बीटचं सूप ढवळत होती. ढवळतच राहिली. "ती काय करते? पडायच्या आधी."

"काही नाही. पडते."

"शेवटी काही बोलते?"

"नाही. नंतर दोन पानं कॅप्टन बोलतो."

पानं तिच्याकडे आली तेव्हा तिने ती ओळीने लिहिली.  हाताला सवय होती. शेवटच्या पानावर मात्र ती अडकली. कॅप्टन गुडघे टेकून बसलेला, पाऊस, आणि समोर थडगं. कागदावर टाइप केलं होतं: 'दगडावरची अक्षरं: व्हर्ना.' पुढे आडनाव लिहायला जागा सोडलेली, पण आडनाव नव्हतंच.

ती पान घेऊन ड्वाइटकडे गेली. "हिचं आडनाव काय?"

"कुणाचं?"

"मेली तिचं."

ड्वाइट विचारात पडला. "असेल ना काहीतरी. जुन्या अंकात बघा."

आल्डोनाच्या तळघरात बावीस वर्षांचे अंक होते. शनिवार-रविवार ती आणि ब्रोने खोकी उघडून बसल्या. ब्रोनेला आधी कंटाळा आला, मग राग आला. वॉल्टरचं आडनाव होतं, त्याच्या आईचं नाव होतं, तो कुठल्या शाळेत गेला ते होतं. खलनायकांच्या मावश्यांची नावं होती. कॅप्टनच्या बोटीलाही वाढदिवस होता. व्हर्नाला आडनाव नव्हतं, आईबाप नव्हते, घराचा पत्ता नव्हता. एका अंकात मांजर होतं. पुढच्या अंकात तेही नाही.

"बावीस वर्षं एकाच कचेरीत नोकरी," ब्रोने म्हणाली, "आणि हजेरीपटावर नाव काय लिहीत होते गं हिचं?"

सोमवारी आल्डोना ड्वाइटपुढे उभी राहिली. "नाही कुठंच."

"मग दगडावर एखादं फूल काढायला सांगू मिस्टर बास्सोंना. झाकून जाईल."

"ड्वाइट, बाळा, आडनाव नसलेल्या बाईला मी पुरायची नाही. दुसऱ्या कुणाकडून अक्षरं काढून घे."

ड्वाइटचा चेहरा उतरला. तो खरोखरच गोंधळला होता. "मिसेस बास्सो, तुम्हाला वाटतंय मला ती आवडत नाही. उलट आहे. मी बारा वर्षांचा होतो, तेव्हापासून वाचतोय. बाकीच्या कॉमिक्समधल्या पोरी नुसत्या किंचाळायच्या. व्हर्ना तशी नव्हती. ती गेली तर लोकांना खरंच लागेल. म्हणून तर तिला निवडली. दुसरी कुणी मेली असती तर कुणी पान उलटून बघितलं नसतं."

आल्डोना समोरच्या खुर्चीत बसली. तिने एकेक शब्द करून त्या बाईला माणूस केलं होतं, आणि माणूस झाली म्हणूनच ती आता मारण्याच्या लायकीची ठरली होती. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि समोरचा पोरगा घाबरून तिच्यासाठी पाणी आणायला धावला.

तो परत आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. खिडकी, दोर, 'एक गोष्ट', मोटार. ड्वाइट ग्लास हातात धरून ऐकत राहिला.

"ते मोटारीचं वाक्य तुमचं?" त्याने शेवटी विचारलं. "ते मी बहिणीला म्हणून दाखवायचो."

"माझं."

त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "आता अंक थांबवता येणार नाही. मुखपृष्ठ गेलंय छापायला."

"थांबव म्हणत नाही. दुःख कॅप्टनचं करा, दोन पानं काय, दहा करा. पण ती कोण होती हे कुणी तरी सांगितलं पाहिजे ना. पुढच्या अंकात मागच्या बाजूला जागा असेल, तिथे जाहिरातीआधी."

"किती पानं?"

"सहा."

"तुम्ही लिहाल?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलंच नव्हतं. "लिहीन," ती म्हणाली, आणि मग थडग्याच्या दगडावर आपल्या आईचं माहेरचं आडनाव लिहून टाकलं: व्हर्ना गुडायटिस.

"हे काय, लिथुआनियन?" ड्वाइटने विचारलं.

"का? बंदरकचेरीत आमची माणसं नसतात वाटतं?"

दुसऱ्यांची वाक्यं सावरणं वेगळं आणि कोऱ्या कागदापुढे बसणं वेगळं. दोन आठवडे तिला काही सुचलं नाही. एत्तोरे विचारायचा नाही. नुसता पेन्सिली तासून ठेवायचा. एका रविवारी चर्चहून आल्यावर ती टेबलाशी बसून म्हणाली, "तिला ठाऊक होतं."

"काय?"

"वॉल्टरच कॅप्टन आहे हे. पहिल्या आठवड्यापासून. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला कळणार नाही होय? टोपी घातली म्हणून?"

एत्तोरे खुर्ची ओढून बसला. "मग बोलली का नाही?"

"कारण त्याला आवडायचं ना ते. कुणालाच ठाऊक नाही याची त्याला केवढी ऐट होती. त्याच्या गैरहजेरीचे अर्ज तिनेच टाइप केले, दर वेळी वेगळं दुखणं शोधून. साहेबाने विचारलं तर सांगायची, दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. आणि भित्रा म्हणायची ती मुद्दाम. कुणाला संशय येऊ नये म्हणून."

गोष्ट तीच झाली. सहा पानं, व्हर्नाचा एक साधा दिवस. सकाळी ती मांजराला दूध घालते, बस पकडते, अर्ज टाइप करते. एका जहाजाच्या कागदांत तिला गफलत दिसते. ती फोन उचलते, तटरक्षकांना कळवते आणि चोर पकडले जातात. कॅप्टन येतो तोवर सगळं आटोपलेलं असतं. तो बिचारा धक्क्यावर हात हलवत उभा. ती त्याला म्हणते, "आलास होय? बरं झालं. चल, तुला उशीर होईल," आणि 'कुठे' ते सांगत नाही. सहा पानांत व्हर्ना एकदाही किंचाळत नाही. एत्तोरेने तिला पहिल्यांदाच तिच्या खऱ्या वयाची काढली: चाळिशीची, कपाळावर एक आठी, पायांत सपाट बूट.

पत्रांची दोन पोती आली. एका पोत्यात पोरांचा संताप: व्हर्नाला माहीत होतं तर आम्हाला बावीस वर्षं मूर्ख बनवलं का? ड्वाइट ती मोठ्याने वाचून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. दुसऱ्यात बायकांची पत्रं होती, टायपिस्ट, नर्स, कारखान्यात काम करणाऱ्या. एकीने नुसतं एवढंच लिहिलं होतं: 'आमच्या साहेबांचे अर्ज मी अकरा वर्षं टाइप करते. त्यांना कळवू नका.' ते आल्डोनाने शाईच्या बाटलीखाली ठेवलं, आणि शाई सांडून त्याचं वाटोळं झालं तेव्हा ती दिवसभर कुणाशी बोलली नाही.

व्हर्ना तीन वर्षं मेलेली राहिली. मग ड्वाइट दुसऱ्या कंपनीत गेला, नवा माणूस आला आणि त्याने तिला समुद्रातून जिवंत वर काढलं. स्मृती गेलेली. आडनाव छापलं, पण चुकीचं. पहिल्याच पानावर तिने कॅप्टनला विचारलं, "कोण आहेस तू, बलवान परक्या?" आल्डोनाने टाक खाली ठेवला आणि इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. "बघा," ती म्हणाली, "माझी इतक्या वर्षांची मेहनत. पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवली." मग तिने चष्मा पुसला आणि 'बलवान' तेवढा गाळला. फुग्यात तसंही बसत नव्हतं.

१९८४ मध्ये डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा ती घरी बसली. एत्तोरे आधीच बसला होता, टोमॅटो लावत होता. दर शनिवारी चर्चच्या सभागृहात ती अक्षरं काढायला शिकवायची. सातआठ जण यायचे; बहुतेकांना लग्नपत्रिका लिहायच्या असत. एक रोझेटा नावाची बसचालक बाई मात्र स्वतःचं कॉमिक घेऊन यायची. तिची नायिका उडायची, मारायची, आणि तिच्या मागे एक नवरा होता जो प्रत्येक पानावर ओरडायचा, "वाचव मला!"

"हा काय करतो?" आल्डोनाने कागद डोळ्यांजवळ धरून विचारलं.

"काही नाही. हरवतो. मग ती शोधते."

"याचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाही, बाई."

आल्डोनाने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. रोझेटा आधी गोंधळली, मग हळूहळू लाजून हसायला लागली.

"ठेवते," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी आणते."

"आण. आणि हा तुझा 'एस' बघ. पोट पुढे काढून उभा आहे. असा सरळ कर त्याला."